मधुबालेचा वकील

९ ऑगस्ट, शनिवार

रेघ कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढून झाली होती आणि मी कागद त्या रेघेवर दुमडत होतो, तेव्हा सुनेत्राच्या तोंडातून चहा सांडला. मला वाटलं ती हसली. सत्तरी ओलांडलेला माणूस सकाळी मधुबालेचा फोटो मधोमध दुमडतो आहे, हे हसण्यासारखं होतंच. मी म्हटलं, "हसू नकोस, हा पुरावा आहे." तिने कप खाली ठेवला आणि हनुवटीला हात लावून पाहिला.

"मला कळलंच नाही," ती म्हणाली. शब्द जड आला.

राधिका भांडी डिशवॉशरमध्ये लावत होती. सून असली तरी तिची नजर नर्सची आहे. तिने एकदा वळून पाहिलं. "आई, हसून दाखवा." सुनेत्रा हसली. राधिकाने हात पुसले आणि गाडीची किल्ली घेतली.

इमर्जन्सीत सहा तास गेले. मेंदूचं काही नाही. चेहऱ्याची नस सुजून डावी बाजू लुळी पडली आहे. बेल्स पाल्सी. स्टेरॉइडच्या गोळ्या, डोळ्यात थेंब, डोळा मिटत नाही म्हणून झोपताना वर चिकटपट्टी. डॉक्टर तरुण मुलगी होती. म्हणाली, बहुतेकांचं बरं होतं, पण सदुसष्टाव्या वर्षी पूर्ण होईलच असं सांगता येत नाही. राधिकाने मराठीत सांगताना शेवटचं वाक्य गाळलं. मला इंग्रजी कळतं. सुनेत्रालाही कळतं.

घरी आल्यावर दुमडलेला कागद टेबलावर तसाच होता. फाइलमध्ये ठेवला.

११ ऑगस्ट

यतीनचा फोन. तो इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. एडिसनच्या गणपतीत यंदा अभिरूप न्यायालय ठेवलं आहे. खटला: जुन्या पडद्यावरची सर्वांत सुंदर नटी कोण? तो मीनाकुमारीचा वकील, मी मधुबालेचा. निकाल ६ सप्टेंबरला.

"काका, तयारी जोरात ना? मी तर काकांना हरवणारच, पण जरा फाइट द्या यार."

"माझ्याकडे मापं आहेत," मी म्हटलं.

"मापं? काका, सांभाळून, फॅमिली क्राउड आहे!"

मी समजावून सांगितलं. साताऱ्याला नगररचना कार्यालयात एकतीस वर्षं मी ड्राफ्ट्समन होतो. मतं मला जमत नाहीत. चेहऱ्याच्या दोन बाजू जितक्या एकसारख्या, तितकं सौंदर्य अधिक, हे मोजून दाखवता येतं. यतीन म्हणाला, "खतरनाक. आणि काकूंना आणा, ज्युरीत बसवू."

मी म्हटलं, "तिला ताप आहे. व्हायरल."

राधिका सोफ्यावर होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "व्हायरल, बाबा?"

"उगाच चर्चा नको."

"कुणाला नको?"

"तिलाच."

"त्यांनी सांगितलं तसं?"

ती उत्तरासाठी थांबली नाही. तिला ड्यूटीवर जायचं होतं.

हेही लिहून ठेवतो. मुलाकडे, श्रीरंगच्या घरी, परदेशात राहायला आल्यापासून चार वर्षांत बाहेरच्या कुणी मला सांगितलेलं हे पहिलं काम आहे.

१४ ऑगस्ट

सुनेत्रा तीन दिवस टेबलाशी जेवलेली नाही. ताट घेऊन बेसमेंटमध्ये जाते. झोपतेही तिथेच, म्हणते, डोळा उघडा राहतो, वर खिडकीतून रस्त्याचा दिवा येतो. चव्वेचाळीस वर्षांत आम्ही वेगळे जेवलो ते तिच्या बाळंतपणात आणि तिच्या रात्रपाळ्यांत. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती.

आज खालून हसण्याचा आवाज आला. नात खाली होती. रुही नऊ वर्षांची आहे, तिने फोनवर चेहऱ्याचे व्यायाम शोधून काढले आहेत. "आजी, नाउ फिश फेस! नो नो, लाइक धिस!" मग दोघी हसल्या. सुनेत्राचं हसणं मी पाच दिवसांत ऐकलं नव्हतं. मी जिना उतरू लागलो. चौथी पायरी वाजते. हसणं थांबलं. मी खाली पोचलो तेव्हा तिने ओढणी गालावर घेतली होती आणि ताट बाजूला सारलं होतं.

"काही हवंय का?" तिने विचारलं.

"नाही. सहज."

"मग जेवते मी."

मी वर आलो. रुहीसमोर ती खाते, राधिकासमोर खाते. माझ्यासमोर खात नाही. तिला माझा संकोच वाटतो. एवढ्या वर्षांनंतरही नवऱ्याचा संकोच वाटावा, हे एका अर्थी चांगलंच आहे.

१७ ऑगस्ट

संध्याकाळी तिला फिरायला नेलं, शेवटच्या घरापर्यंत आणि परत. मी तिच्या उजवीकडून चाललो, कारण गाड्या त्या बाजूने येतात. परतताना गाड्या दुसऱ्या बाजूने येत होत्या. तेव्हाही उजवीकडेच होतो. सवय.

डोळ्याची पट्टी राधिका लावते. ती रात्रपाळीला असली की श्रीरंग लावतो. पहिल्या दिवशी मी लावायला गेलो होतो, पण हात थरथरले.

दुपारी नूतनच्या फोटोवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली. स्वच्छ आली.

२० ऑगस्ट

सुनेत्रा आज आपणहून वर आली. मी टेबलावर फोटो मांडले होते. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. मी काम करत राहिलो.

"अहो, तुमच्या कोर्टात ललिता पवारांचा वकील कोण?"

'पवार' म्हणताना तिने बोटाने ओठ वर धरला असावा. हात वर गेलेला मला खिडकीच्या काचेत दिसला. प आणि ब तिला जड जातात.

"त्यांचा कुठे प्रश्न येतो?" मी म्हटलं.

"का?"

"खटला सौंदर्याचा आहे. नटी म्हणून त्या मोठ्याच."

"त्या नायिका होत्या आधी. शूटिंगमध्ये थप्पड बसून डोळा गेला, तो नंतर. नायिका करताना चेहरा बघूनच केली असेल ना?"

"आधीचं वेगळं," मी म्हटलं.

"हो का," ती म्हणाली.

मग म्हणाली, "आम्ही मुली मॅटिनीला जायचो ना, तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत बसायची. हिरॉइनला काय, रडायचं नाहीतर लाजायचं. या बाईने नुसतं बघितलं तरी बाल्कनीतल्या बायका पदर सावरायच्या."

"ती भीती झाली. सौंदर्य नाही."

"असं तुम्हाला वाटतं."

"असं सगळ्यांना वाटतं. लोकांना हात वर करायला सांग."

ती खाली गेली. तिचा मुद्दा वहीत टिपून ठेवला. यतीनने तो काढला तर उत्तर तयार असावं.

२३ ऑगस्ट

अडचण आली आहे. कुणाकडे बोलण्यासारखी नाही म्हणून इथे लिहितो.

सहा जणींचे फोटो मोजून झाले. मधुबाला, मीनाकुमारी, नूतन, नर्गिस, वहिदा, नलिनी जयवंत. प्रत्येकीचे समोरून काढलेले तीन-तीन. नाकाच्या रेघेपासून दोन्ही डोळ्यांच्या कडा, दोन्ही ओठांची टोकं, दोन्ही कान, सगळं डिव्हायडरने. कागद दुमडून खिडकीच्या काचेला लावूनही पाहिलं.

एकीचाही चेहरा जुळला नाही. कुणाची एक भिवई वर, कुणाचं ओठाचं टोक खाली. माझ्या अशिलाचं हसू तर एका बाजूला स्पष्ट अधिक चढतं. चुकून मोजलं असेल म्हणून परत मोजलं. मग श्रीरंगचा पासपोर्टचा फोटो मोजला, मग माझा. तेही जुळत नाहीत.

म्हणजे सिद्धान्त चुकीचा. दोन आठवड्यांवर खटला आला असताना हे बाहेर पडणं बरं नाही. मापांचे कागद कपाटात वरच्या कप्प्यात ठेवले आहेत, कुणाच्या हाताला लागणार नाहीत असे. यतीनला कळता कामा नये.

२६ ऑगस्ट

सुनेत्राची बहीण सुलेखा डेट्रॉइटजवळ ॲन आर्बरला असते. तिचा फोन तासभर चालला. मग राधिकाने मला सांगितलं: आईंचं डेट्रॉइटचं तिकीट काढलं, ७ सप्टेंबर, रविवार सकाळ.

मी खाली गेलो. ती गणपतीची वस्त्रं घडी करत होती.

"किती दिवस?"

"बघू."

"इथे काय कमी आहे?"

"काही नाही. तिथे सुलेखा आहे."

"तिथे थंडी लवकर सुरू होते. वारा चेहऱ्याला बरा नाही."

"कुणाच्या चेहऱ्याला?" ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "जाऊ द्या. उद्याच्या मोदकांचं पीठ दळून आणलं का श्रीरंगने?"

मी विचारलं, खटल्याला तरी येशील ना. ती म्हणाली, यूट्यूबवर लाइव्ह असतो, इथूनच बघेन.

ती जाणं मला मान्य नाही, पण कारण सांगता येत नाही. कारण शोधायला हवं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

मोदक सुनेत्रानेच वळले. एकवीस. कळ्या सारख्या आल्या. आरतीला ती सगळ्यांच्या मागे उभी होती. टाळी वाजवली, म्हटली नाही. नैवेद्याचं ताट खाली नेलं.

२ सप्टेंबर

उपाय सापडला. आज लायब्ररीत जाऊन लग्नातला फोटो मोठा करून घेतला. १९८१. फोटोग्राफरने तिला बोहल्याजवळ खिडकीत उभं केलं होतं. त्या वेळी माझा मामेभाऊ म्हणाला होता, गुरुनाथ, तुला मधुबाला मिळाली रे. आम्ही दोघं त्यावर वर्षभर हसत होतो.

मापं नाहीत तर नसू देत. शेवटी पडद्यावर हा फोटो लावायचा आणि म्हणायचं, मिलॉर्ड, हा माझा साक्षीदार. ती घरी बसून बघेल. मला काय वाटतं ते तिला तोंडावर सांगायला मला कधी जमलेलं नाही. दोनशे लोकांसमोर जमेल. मग ती तिकीट कॅन्सल करेल.

घरात कुणाला बोललो नाही.

५ सप्टेंबर

बाथरूमच्या कचऱ्यात चिकटपट्टीचं रीळ दिसलं. संपलं असणार. फार्मसीपर्यंत चालत जाऊन नवीन आणलं, दोन रिळं, एक सोबत न्यायला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली. संध्याकाळी पाहिलं, तिथेच होती.

तिची बॅग अर्धी भरली आहे. उद्या रिकामी करावी लागेल.

६ सप्टेंबर, शनिवार

श्रीरंगने दोनला शाळेच्या हॉलवर सोडलं. दोनशेहून अधिक माणसं. मंडळाच्या मोनाताई न्यायाधीश, मुलाच्या ग्रॅज्युएशनचा काळा गाऊन घालून बसल्या होत्या, हातोडीच्या जागी नारळ फोडायचा बत्ता.

यतीन आधी उभा राहिला. चांगलं बोलला, मान्य केलं पाहिजे. "मिलॉर्ड, काकांच्या अशिलाचं हसणं दोन हजार वॅटचं आहे. पण हसताना कुणीही सुंदर दिसतं, आमची मिसेस पण दिसते." मागून कुणीतरी बाई ओरडली, "घरी चल, मग सांगते!" हशा. "रडताना सुंदर दिसून दाखवा! तिथे फक्त मीनाकुमारी. डोळ्यांत पाणी आलं की थिएटर गप्प." शेवटी तो म्हणाला, "आणि कोर्टाने आमच्या बाजूने निकाल दिला नाही, तर नाइलाजाने सासूबाईंना बोलवावं लागेल." त्याने शालीचा पदर डोक्यावर घेतला, डावा डोळा बारीक केला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "सूनबाईऽऽ!"

हॉल कोसळला. मुलंही हसत होती, त्यांना ललिता पवार कोण ते माहीत नसताना. मीही हसलो. कॅमेरा माझ्यासमोर होता.

हसू थांबायच्या आत मला आठवलं की सुनेत्रा बघते आहे. मी चष्मा पुसला.

माझी पाळी आली. मापांबद्दल बोललो नाही. मधुबालेचं हसणं, मान, कपाळावर येणारी बट, जे सगळे बोलतात तेच बोललो. मग खूण केली आणि पडद्यावर फोटो आला. मी म्हटलं, "मिलॉर्ड, मधुबालेला मी तिकीट काढून पाहिलं. हिला बिनतिकीट. ही माझी पत्नी, वय तेवीस." पुढे बोलायचं होतं, तोवर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मोनाताईंनी बत्ता आपटला. "निकाल मधुबालेच्या बाजूने, आणि काकूंच्या!" यतीनने मिठी मारली आणि माइकमध्येच विचारलं, "काकू कशा आहेत? ताप गेला?"

"गेला," मी म्हटलं.

सहाला घरी आलो. बेसमेंटमधला टीव्ही बंद होता. रुही नव्हती. बंद केलेली बॅग दाराशी उभी होती. सुनेत्रा कोचावर, मी तिच्या उजवीकडे बसलो.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"कसं वाटलं?"

"हार तेवढा विसरलात."

"कसला हार?"

"फोटोला घालायचा."

मी म्हटलं, असं काय बोलतेस, लोक उभे राहिले होते. ती म्हणाली, "राहणारच. श्रद्धांजलीला राहतात."

"यतीनला माहीत नव्हतं. नाहीतर त्याने ती नक्कल केली नसती."

"त्याला कसं माहीत असेल? तुम्ही मला ताप आणलात." ती चिडलेली नव्हती. एक्स्चेंजमध्ये बोलायची तशी बोलत होती, एकेक शब्द सुटा. प आणि ब जड जातील म्हणून मी थांबलो होतो. ते जड गेले नाहीत. "यतीनचं मला काही वाटलं नाही. त्याने निदान डोळा बघितलेला होता. कुणाचा का असेना."

"मी तुझ्यासाठी केलं ते सगळं."

"हो. त्या मुलीला दोनशे लोकांना दाखवलंत. मी चार आठवडे इथे बसले आहे."

"मी रोज खाली येत होतो."

"येत होता. जिन्यापर्यंत. मी वर जेवायला बसले तर तुम्ही मान खाली घालून जेवता. पहिल्या दिवशी मला वाटलं, दमलात. दुसऱ्या दिवशी पण तसंच. तिसऱ्या दिवशी ताट घेऊन खाली आले. तुम्हाला नीट जेवता यावं म्हणून."

मी म्हटलं, तसं काही नाही, मी रोज बघतो तुझ्याकडे.

"मग सांगा, माझा डोळा मिटतो का?"

समोर भिंत होती. मी भिंतीकडे बघत होतो.

"डावा मिटत नाही," मी म्हटलं.

"हे डॉक्टरने सांगितलेलं झालं. आज मिटतो का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मान वळवून पाहिलं असतं तर कळलं असतं. मी वळवली नाही. ती उठून वर गेली, रुहीला हाक मारत.

हे लिहिताना जेवणाची वेळ झाली आहे. वरून ताटांचा आवाज येतो आहे. मी खालीच आहे.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी सातला वर गेलो. सुनेत्रा टेबलाशी बसली होती, समोर पोहे. मी तिच्या समोरची खुर्ची ओढून बसलो आणि तिच्याकडे पाहिलं. डावा डोळा मिटतो. पूर्ण मिटतो, उजव्यापेक्षा सावकाश. डावी भिवई हलत नाही. गालाची घडी गेली आहे, त्या बाजूला वय दिसत नाही. ओठ खाली ओढलेला आहे. घास डावीकडे अडकतो, तो ती बोटाने आत सारते. दोनदा सांडलं, तिने उचललं. मला खाली बघावंसं वाटलं, तीनदा. एकदा बघितलं.

"गुरुवारपासून मिटतो," ती म्हणाली.

मी विचारलं, मी येऊ का सोबत. ती म्हणाली, आत्ता नको. पोहे तिने सगळे खाल्ले. साडेआठला श्रीरंग तिला नेवार्क विमानतळावर घेऊन गेला. परतीचं तिकीट काढलेलं नाही.